खिडकीवरचा टिन

आमच्या स्वयंपाकघराची नदीकडची भिंत ओली राहते आणि त्याला ठेकेदार जबाबदार आहे, हे मी आधी छापलं आणि नंतर तपासलं. उलटं करायला हवं होतं, हे आता कोणीही सांगेल. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं.

पांढुर्ण्यात जाम नदीच्या उतारावर आमची वस्ती आहे. सरकारी योजनेतून मिळालेली घरं, एका ओळीत, सगळी सारखी. पुढे एक खोली, मागे एक खोली, तिच्या बाजूला स्वयंपाकघर. आमचं शेवटून दुसरं. बाबा गेल्यानंतर हे घर मायच्या नावावर मंजूर झालं. माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला गेली. तिच्या नावावर झालेली ही पहिलीच वस्तू. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, नागपूरला नोकरीला आहे, वहिनी आणि पोरीसोबत फ्लॅटमध्ये राहतो. मी मायजवळ राहते आणि पत्रकं काढते. काय करते असं कोणी विचारलं तर मी सरळ हेच सांगते. आमची पाच-सहा पोरापोरींची मंडळी आहे. नालीपासून शिष्यवृत्तीपर्यंत जे अडलं असेल त्यावर आम्ही एक पान लिहितो, सौंसरच्या प्रेसमधून छापून आणतो आणि बस स्टँडवर वाटतो. लिहायला मी तिथंच शिकले. वर मोठ्या अक्षरात प्रश्न, मध्ये पुरावा, खाली मागण्या, शेवटी 'अन्यथा'. 'अन्यथा'नंतर आम्ही नेमकं काय करणार, हे पुष्कळदा आम्हालाही माहीत नसायचं.

गोष्ट सुरू होते दोन वर्षांपूर्वीच्या गोटमारीपासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णेवाले, पलीकडून सावरगाववाले दिवसभर एकमेकांवर दगड मारतात. काठावरची घरं त्या सकाळी खिडक्यांवर टिनाचे पत्रे ठोकतात आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात. भांडी घासून पालथी घालावीत तसं, त्यात कोणाला काही वाटत नाही. मला वाटलं. आपल्या घराची खिडकी आपण काऊन बंद करायची? मी मायला टिन ठोकू दिला नाही. दुपारी कोणाच्या तरी गोफणीतून सुटलेला गोटा आमची काच फोडून आत आला आणि परातीत पडला, मळलेल्या कणकेत. माय गॅसकडे वळली होती म्हणून वाचली.

शेजारची काकू आवाज ऐकून धावत आली. परात पाहून म्हणाली, "पाय व, तुह्या माहेरचा आहेर आला!"

मायचं माहेर सावरगावचं. माय हसली. कणकेतून गोटा काढून तिने तो दारात ठेवला, वरची कणीक चिमटीने काढून टाकली आणि उरलेल्या कणकेच्या पोळ्या केल्या. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीने टिन काढले आणि मी आमचा ठोकला. बाहेरून, आठ खिळ्यांनी. मग पत्रक काढलं: 'स्वयंपाकघरात दगड! जबाबदार कोण?' फोटो त्या टिनाचा. खाली शेवटची ओळ अशी होती: 'काठावरच्या घरांच्या सुरक्षेची लेखी हमी मिळेपर्यंत हा टिन निघणार नाही.' ही ओळ मला फार आवडली होती. मंडळीने टाळ्या वाजवल्या. हमी कोणी द्यायची ते आम्ही लिहिलं नव्हतं. त्यामुळे ती कोणी दिली नाही, आणि टिन निघाला नाही. लोक मला बस स्टँडवर विचारत, "काय बाई, टिन हाय का अजून?" मी म्हणायची, "आहे म्हणजे! राहणार."

मायला मी विचारलं होतं का? हा प्रश्नच मला तेव्हा पडला नव्हता.

पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत बिघडली. आधी मिठाच्या बरणीत खडे झाले. मग काडेपेटी घासली की काडी पेटायच्या ऐवजी पेटीच्या बाजूचा मसाला सरकू लागला. डाळीच्या डब्याचं झाकण उघडलं की आतून थेंब लोंबलेले. तिखटाला जाळी धरली. उन्हाळ्यात घातलेले पापड तळले तर चामड्यासारखे. वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, मांडणीमागे हिरवट बुरशी धरली, आणि सकाळी दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास नाकात शिरायचा. खाली, मोरीजवळ, भिंत हातभर उंचीपर्यंत काळपट झाली होती. माय फडक्याने पुसायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि माय खोकू लागली. पोळ्या लाटताना मध्येच थांबून, बेलणं परातीत ठेवून, ओट्याला धरून खोकायची. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, घरात ओल आहे का? मायने सांगितलं, "नाई, पक्कं घर हाय." अभिमानाने सांगितलं. मी बाजूला उभी होते.

ऑगस्टच्या शेवटी दादा आला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तो बाहेरच येईना. मी आत गेले तर तो भिंतीवर हात टेकवून उभा. हात काढला तर पंजाचा ठसा.

"हे काय होय? माय इथंच बसून राहते का दिवसभर?"

"दिवसभर कायले? सकाळ-सांज," माय म्हणाली आणि नेमकी खोकली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीले मी गाडी घेऊन येतो. भिंत अशीच दिसली तर मायले नागपूरले घेऊन जाईन. तू राहा तुह्या पत्रकांसंग."

"घर मायचं आहे."

"घर कुठं पळून चाललं? कुलूप लावू."

माय चहात साखर टाकत राहिली. मला वाटलं, ती दुखावली. कुलूप हा शब्द माझ्या डोक्यात बसला. ज्या घरासाठी तिने इतके खेटे घातले, त्याला कुलूप! मी त्याच दिवशी कागद घेतला. दिवाळीला दोन महिनेही नव्हते.

दुसऱ्या पत्रकाचं डोकं होतं: 'नवं घर, ओली भिंत! ठेकेदार जबाबदार!' पुरावा म्हणून दादाच्या पंजाचा फोटो. तो फोटो फार जबरदस्त आला होता, अगदी मदत मागणाऱ्या माणसाचा हात वाटावा तसा. सिमेंटमध्ये रेती जास्त, प्लास्टर पातळ, असं बरंच मी लिहिलं. कुठून आणलं हे सगळं? आणलं नाही. असणारच, असं वाटलं. एक प्रत मी लॅमिनेशन करून बस स्टँडच्या खांबाला बांधली, पावसात टिकावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला. मी भांडायच्या तयारीत. तो चपला काढून आत आला, मायला "रामराम" केला, खुर्ची नको म्हणून ओट्याजवळ उभा राहिला. वयस्क माणूस, शर्टाच्या खिशात मोजायचा टेप.

"वाचलं तुमचं," तो मला म्हणाला. "चांगलं लिहिता. आता मले एक सांगा, या ओळीतले बारा घर मी एकाच वर्षी बांधले. रेती एक, सिमेंट एक, मिस्त्री एक. मंग हे एकच घर ओलं काऊन?"

"ते तुम्ही सांगा."

"मले माहीत असतं तर सांगितलं नसतं का? माहं बदनाम होऊन राहिलं." त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. "बाकीच्या घरी जाऊन हात लावून पाहा. तिथं ओल निघाली तर मी सोता येऊन प्लास्टर करून देतो."

मायने त्याला चहा दिला. त्याने पिला. मायचा चहा तो पितोय याचाही मला राग आला.

मी गेले. अकराच्या अकरा घरांत. लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला हात लावत फिरले, आणि बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. एक म्हणाली, "काय व, भिंतीले ताप आला का?" सगळ्या भिंती कोरड्या. कुठे धुराने काळ्या, कुठे तेलाने चिकट, पण कोरड्या. शेवटच्या घरी तर भिंतीला लावलेलं कागदी कॅलेंडरही सरळ होतं. आमचं कॅलेंडर जुलैमध्येच पुरीसारखं फुगलं होतं. त्या सगळ्या स्वयंपाकघरांत खिडकीतून उजेड येत होता, नदीचा वारा येत होता, आणि ते मला दिसलं नाही. मी भिंती पाहायला गेले होते, भिंतीच पाहिल्या.

घरी येऊन मी ओट्यावर बसले. ठेकेदार खरं बोलत असेल तर मग कोण? नदी? पण नदी सगळ्यांनाच आहे. मला नुसता प्रश्न नको होता, कोणीतरी माणूस हवा होता. रंगाच्या दुकानातून मी ओल थांबवणारा म्हणून एक रंग आणला, पुसून-बिसून भिंतीला दोन हात मारले. आठ दिवसांत त्याला भाजलेल्या पापडासारखे फुगे आले. नखाने टोचलं तर आतून पाणी. मला रडू आलं, खरं सांगते. एवढा राग आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना. मायने फुगे पाहिले आणि म्हणाली, "जाऊ दे व. नोको करू आता." त्या 'नोको'मध्ये काहीतरी होतं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सौंसरला माझे मावसाजी राहतात, मावशीचे यजमान. आयुष्यभर मिस्त्रीकाम केलं, आता गुडघ्यामुळे बसून असतात. प्रेसमध्ये जायचंच होतं, म्हणून बसने गेले आणि मोबाइलमधले फोटो त्यांच्यासमोर धरले. ते संत्री सोलत बसले होते. फोटो पाहिले, आणि विचारलं ते काय?

"भात कायमंदी शिजवता?"

"गंजात."

"झाकण ठेवून का उघडा?"

"मावसाजी, मी ठेकेदाराबद्दल विचारून राहिले. तुम्ही भाताचं विचारून राहिले!"

"मी भिंतीचं विचारून राहिलो. अंघोळीचं पाणी कुठं तापते?"

"गॅसवरच."

"अन् पावसात धुणं कुठं वाळते?"

आमच्या स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी आहे. पावसाळ्यात सगळं धुणं तिच्यावर. मी तसं सांगितलं. मावसाजींनी मान हलवली, एक फोड तोंडात टाकली.

"मग काय आहे ते सांगा ना," मी म्हणाले.

"मी काही सांगत नाई. तू पुराव्यावाली हाय. पुरावा घे. प्लास्टिकचे दोन तुकडे घे, एक वर लाव, एक खाली लाव. चारी कडा टेपनं पक्क्या दाब, हवा जायले नोको. दोन दिवसांनी पाय. प्लास्टिकच्या मांगं पाणी असलं तर भिंतीतून येऊन राहिलं. पुढच्या अंगाले असलं तर तुह्या घरातून येऊन राहिलं."

घरी प्लास्टिक म्हणून काय होतं? बस स्टँडच्या खांबावरची लॅमिनेशन केलेली प्रत दोरी तुटून परत आली होती, आणि तशीच आणखी एक पडलेली होती. मी एक वरच्या काळ्या कोपऱ्याजवळ चिकटवली, एक खाली मोरीपाशी. ठेकेदार जबाबदार, वर. ठेकेदार जबाबदार, खाली. माय पाहत होती. म्हणाली, "आता भिंतीले पण वाचायले देऊन राहिली का?"

दोन दिवसांनी सकाळी मायने भात टाकलेला असताना मी पाहिलं. वरच्या पत्रकावर पुढून दव पडल्यासारखं पाणी होतं. दादाच्या पंजावरून थेंब ओघळत होते. टेप काढून उलटं केलं तर मागची बाजू ठणठणीत कोरडी, मागच्या भिंतीचा तेवढा तुकडाही आजूबाजूपेक्षा कोरडा. खालचं पत्रक बरोबर उलटं. पुढून कोरडं, मागून ओलं.

मला काही समजेना. म्हणजे अर्धी भिंत एक सांगते आणि अर्धी दुसरंच. मी मावसाजींना फोन लावला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "खालची ओल येगळी, वरची येगळी. खाली मोरीचा पाइप पाय, जोडावर गळत असेल. वरची वाफ हाय. गरम वाफ थंड भिंतीले लागते अन् पाणी होते. गंजाच्या झाकणाले थेंब येते तसं."

मोरीचा पाइप पाहिला. जोड गळत होता, बारीक, थेंब-थेंब, आणि पाणी सरळ भिंतीच्या पायात मुरत होतं. मला एक क्षण आनंद झाला. सापडला ठेकेदार! मग आठवलं, हा पाइप आम्हीच नंतर बसवला होता. मागच्या वर्षी, भांडी घासायला बेसिन हवं म्हणून. मी जोड सोडवला, पुसला, टेप गुंडाळून परत आवळला, आणि खाली एक वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी. खालची ओल हळूहळू उतरू लागली.

वरची मात्र नाही. आम्ही भातावर झाकण ठेवायला लागलो, अंघोळीचं पाणी मागच्या दारी चुलीवर तापवायला लागलो, दोरी पुढच्या खोलीत नेली, मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. बुरशी ब्लीचिंगच्या पाण्याने घासली, तोंडाला ओढणी बांधून. फरक पडला, पण पुरता नाही. सप्टेंबर संपत आला होता. मी परत फोन केला.

"खिडकी उघडी ठेवता का नाई शिजवताना?" मावसाजींनी विचारलं.

"बाहेर पाऊस आहे, मावसाजी. बाहेरची हवाच ओली."

"गंजातल्या वाफेहून ओली असते का? खिडकी उघडी हाय का नाई ते सांग."

"बंद आहे."

"मंग उघड."

"उघडता येत नाही. तो टिन आहे ना."

"कायचा टिन? गोटमारीचा? तो तर दोन वर्षांआधीचा! अजून नाई काढला?"

मी सांगितलं, की तो पुरावा आहे. छापलेलं आहे. लेखी हमी मिळेपर्यंत.

"बाई," ते म्हणाले, "मी जिंदगीभर लोकायच्या खिडक्या बसवल्या. खिडकी लावायचा पगार भेटे मले. न उघडायचा कधी कोणी देला नाई." आणि मावशीने त्यांना जेवायला बोलावलं म्हणून फोन ठेवला.

चार-पाच दिवस मी काहीच केलं नाही. करता येईना. टिन काढला तर पहिलं पत्रक खोटं. ठेवला तर माय नागपूरला. मी मंडळीत विषय काढला. एक जण म्हणाला, "हमी मिळाली का?" मी म्हणाले, "नाही." "मग काढायचा कसा? उद्या लोक काय म्हणतील?" तो चूक बोलत नव्हता. गोटा खरा होता. काच खरी फुटली होती. पुढच्या पोळ्यालाही फुटू शकते. मग मी काय चूक केली? कुठे? आणि केली नसेल तर माझ्या घरातल्या पंजाच्या फोटोवरून पाणी का ओघळतं? तोवर पत्रक लिहायला मला कधी दोन तासांच्या वर लागले नव्हते. आता घरातल्याच एका गोष्टीचं उत्तर सापडत नव्हतं.

शेवटी मायलाच सांगितलं. ती दिवा लावून तांदूळ निवडत होती. भर दुपारी दिवा. टिन लागल्यापासून स्वयंपाकघरात दिवसाही दिवाच लागतो, हेही मला त्या दिवशी दिसलं. मी म्हणाले, "माय, दिवाळीपर्यंत भिंत वाळवायची असली तर टिन काढावा लागते. पण मी छापून बसले."

माय सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मी त्याले हो म्हणून देलं."

"कोणाले?"

"दादाले. फोनवर. येतो म्हणून सांगितलं नागपूरले. कपडे पण काढून ठेवले, पाय खाटेखाली."

खाटेखाली खरंच पिशवी होती. साड्या, औषधं, आणि तिचा मसाल्याचा डबा, फडक्यात बांधलेला. मसाल्याचा डबा! तो नेणार म्हणजे ती चार दिवसांसाठी जात नव्हती.

"काऊन पण? घर तुहं आहे. मी एवढी भांडून राहिली कोणासाठी?"

"इथं काय दिसते मले?" माय म्हणाली. आवाज चढवला नाही. "टिन दिसते. तिथं गॅलरी तरी हाय. त्या खिडकीतून मले पलीकडचं दिसे. माही वयनी गोधडी वाळत घाले तं मले समजे, आज तिची तब्येत बरी हाय. नाई घातली तं मी फोन करे. भाऊ आंगणात बसे. सैपाक करता करता माहेर दिसे मले. तू टिन ठोकला. म्हटलं, पोरगी मोठ्या कामात हाय."

"मग तू बोलली काऊन नाई?"

"तू विचारलं कधी? तू तं छापून आणलं."

मी उठले आणि पकड शोधली. हे मी ठरवून केलं असं लिहिता आलं असतं, पण तसं नव्हतं. मला दुसरं काही करायला सुचलं नाही, एवढंच. बाहेरून शिडी लावली. आठ खिळ्यांपैकी पाच गंजलेले, दोन तिथेच तुटले, एक निघता निघेना, शेवटी टिनच वाकवला. काकू दारातून ओरडली, "भेटली का व हमी?" मी म्हणाले, "नाही." "मंग?" "भात शिजवायचा आहे!" काकू इतकी हसली की तिच्या हातातली सुपली सांडली.

टिनाच्या आतल्या बाजूवर गंजाचे ओघळ आणि पालीची अंडी. चौकटीत फुटक्या काचेचे दोन तुकडे अजून अडकलेले. उजेड एकदम आत आला आणि आमचं स्वयंपाकघर इतकं मळकट दिसलं की माय म्हणाली, "थांब, कोणाले येऊ देऊ नोको, आधी पुसून घेऊ." पण पुसलं नाही. ती खिडकीशी गेली, पदराने चौकट झाडली आणि उभी राहिली. नदीला पाणी होतं, पलीकडे सावरगावची छपरं. मला वाटलं, ती रडेल किंवा काही बोलेल. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि मग रागाने म्हणाली, "घराले रंग देला व त्यायनं! हिरवा! अन् मले सांगितलं पण नाई."

लगेच फोन लावून ती पलीकडच्या मामीशी त्या हिरव्या रंगावरून भांडली. अर्धा तास. मध्ये एकदाच खोकली.

ऑक्टोबरचं ऊन पडलं, वारा सुटला. खिडकी उघडी, भातावर झाकण. पंधरा दिवसांत मीठ सुटं झालं. रंगाचे फुगे मी खरवडून काढले, भिंत तशीच उघडी वाळू दिली. ठेकेदाराबद्दलचं मी नीट केलं. चार ओळींचं पत्रक काढलं, की ओल आमच्याच पाइपाची आणि वाफेची निघाली, प्लास्टरबद्दल लिहिलं ते तपासून लिहिलं नव्हतं. चार ओळींना तीन दिवस लागले. पत्रकात 'चुकलं' हा शब्द कुठे बसवतात हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. वर टाकावा की खाली? मध्ये टाकला. एक प्रत त्याच्या घरी देऊन आले. त्याने वाचलं, घडी करून टेपच्या खिशात ठेवलं, आणि विचारलं, "काच बसवली का?" बसवली नव्हती. त्यानेच माणूस पाठवला.

दिवाळीला दादा आला. गाडी दारात लावून आधी स्वयंपाकघरात. हात भिंतीवर. मग उलटा हात. मग वरच्या कोपऱ्याला, टाचा उंच करून.

"डाग आहे."

"डाग आहे. ओल नाही. दोन दिवस राहा, प्लास्टिक लावून दाखवते."

"खोकला?"

"कमी हाय," माय म्हणाली. गेला, असं म्हणाली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टर बाईंना या वेळी ओलीचं खरं सांगितलं होतं, गोळ्या बदलून आणल्या होत्या. पण आत्ता तिच्या तोंडून काय निघणार हे मला खरंच माहीत नव्हतं. पिशवी अजून खाटेखालीच होती. ती काढलीस का, असं विचारायची मला हिंमत झाली नव्हती.

"अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय करसान?" दादाने विचारलं. "परत गोटा आला मंग?"

मी तोंड उघडलं.

"सकाळी टिन लावू, दुसऱ्या दिवशी काढू," माय म्हणाली. "सगळे तेच करते. कड्या बसवून घेतल्या म्या, खिळे नोको आता. अन् तू त्या भिंतीले सारखा हात नोको लावू, काळी होऊन राहिली." मग पुढच्या खोलीत जाऊन तिने खाटेखालून पिशवी ओढली. साड्या खाटेवर ठेवल्या, औषधं खिडकीत. "थंडीत येईन चार दिवस. पाहुणी म्हणून. पोरीले लाडू घेऊन जाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच हे करवलं. मी काहीच करवलं नव्हतं. तो लाडवांचा डबा आणि संत्र्याची थैली घेऊन गेला.

टिन आता दारामागे उभा आहे, आठ भोकांचा, एका कोपऱ्यात वाकलेला. मंडळीतला तो मुलगा अजून विचारतो, आपली मागणी कायम आहे की मागे घेतली? कायम आहे, मी म्हणते. मग टिन? टिन काढला. मग मागणी कशी कायम? मला सांगता येत नाही. गोटा चूक होता, टिनही चूक होता, आणि दोन्हींचं एक पान करायचं कसं ते मला समजत नाही.

गाडी गल्लीतून वळल्यावर मायने मसाल्याचा डबा फडक्यातून सोडवला आणि मांडणीवर ठेवला, भिंतीपासून चार बोटं दूर. खिडकीतून पलीकडे पाहिलं. म्हणाली, "तुह्या पुढच्या पत्रकात माहं नाव नोको टाकू. खिडकीचं टाक."

ते पान मी अजून लिहून राहिले आहे. वर कोणता प्रश्न टाकायचा तेच सुचत नाही.